पेंटर आडनावाचा माणूस

आमच्या हॉस्टेलवर माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. फर्स्ट इयरला रूमच्या दारावर नंबर जरा झोकदार अक्षरात रंगवला, तेव्हापासून मी 'पेंटर'. मेसच्या वहीतसुद्धा तसंच लिहिलेलं असतं. मित्राची जर्नलची कव्हरं, गणपतीची आरास, फ्रेशर्सचा बोर्ड, काहीही असलं की बोलवा पेंटरला! आणि गंमत बघा, या पेंटरची केटी राहिली ती कशात? तर इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये. एकदा नाही, दोनदा. घरून फोन आला की वडील सरळ विचारतात, तुला नक्की करायचंय काय? उत्तर नसतं म्हणून मी नेटवर्क नाही असं सांगतो.

गेल्या गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक होतं. किल्ल्याचा पडदा रंगवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. अठरा फूट बाय दहा फूट मांजरपाट, डिस्टेंपर, खळ आणि चार रात्री. हॉलच्या शेवटच्या रांगेतून बघितलं तर बुरूज असा उभा की हात लावून बघावासा वाटावा. टाळ्यासुद्धा पडल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकला, आणि मी बघतच राहिलो. माझा बुरूज म्हणजे दोरीवर वाळत घातलेली चादर! मावळा शेजारून धावत गेला की अख्खी तटबंदी हलायची. मावळ्याची सावली तर थेट क्षितिजावर पडलेली.

वर्कशॉपमधले आमचे एक सर मूळचे कोल्हापूरचे. व्हिडिओ बघून ते पोटभर हसले आणि म्हणाले, आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वी एक जण होता. तोही पडदेच रंगवायचा, शाळा-बिळा काही नाही. त्याचं पुढे काय झालं ते जरा वाचून ये, मग रड. मी वाचलं. लायब्ररीत मिळालं ते वाचलं, सुट्टीत कोल्हापूरला जाऊन आलो. त्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगावी म्हणून हा लेख. माणसाचं नाव बाबूराव पेंटर.

पेंटर हे त्यांचं जन्माचं आडनाव नव्हे. ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. मेस्त्री म्हणजे कारागिरांचं घराणं. हत्यारं घरातच, त्यामुळे लाकूड कसं कापतात, धातू कसा वाकतो हे पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नसे. काळ शाहू महाराजांचा. कोल्हापुरात तालमी घुमत होत्या, गाणं होतं, नाटक होतं, आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार दरबारात होता. अशा गावात डोळे उघडे ठेवून नुसतं फिरलं तरी बरंच शिकता येत असणार. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्ट होतं. तिथे जाऊन शिकलेले लोक नावारूपाला येत होते. बाबूराव काही तिथे गेले नाहीत. ते आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव, दोघे आपले आपणच बघून, काढून, पुसून, परत काढून शिकले. बरं, जे शिकले ते तसलं-असलं नव्हे. आर्ट स्कूलमध्ये शिकवतात त्या वास्तववादी पद्धतीची चित्रं आणि शिल्पं दोन्ही त्यांच्या हातात आली. लोकांनी मेस्त्री हे आडनाव बाजूला सारलं आणि दोघांनाही पेंटर करून टाकलं. म्हणजे माझ्यासारखंच, पण त्यांनी ते कमावलं होतं.

पोटापाण्याचं काम मिळालं ते नाटकाच्या पडद्यांचं. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात रंगभूमीचे पडदे रंगवणारे म्हणून या दोघा भावांचं नाव आघाडीवर होतं. संगीत नाटक मंडळ्या त्यांच्याकडे यायच्या, पारशी-गुजराती कंपन्यासुद्धा यायच्या. आता पडदा म्हणजे काय ते मी चार रात्री भोगलं आहे, म्हणून थोडं सांगतो. कागदावर दोन इंच असलेला खांब पडद्यावर बारा फूट होतो. हाताएवढ्या अंतरावर उभं राहून तुम्ही रंग लावता, तेव्हा समोर फक्त डाग दिसतात. त्या डागांचा राजवाडा होतो तो साठ फूट लांब बसलेल्या माणसाच्या डोळ्यात. म्हणजे काढणारा इथे, पण त्याचा डोळा तिथे, शेवटच्या रांगेत बसवलेला पाहिजे. सात वर्षं हे काम केल्यावर माणसाला एक गोष्ट कळणारच की समोरच्याला काय दिसतं ते त्याच्या जागेवर आणि प्रकाशावर ठरतं.

हे चांगलं चाललेलं होतं. नाव होतं, काम होतं. दुसरा कुणी असता तर जन्मभर राजवाडा, रस्ता, जंगल, तुरुंग असे पडदे रंगवत बसला असता. पण १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं.

इथून पुढचा भाग मेकॅनिकलवाल्यांनी जरा नीट वाचावा. फाळके जे. जे. मध्ये शिकलेले, १९१२ साली स्वतः लंडनला जाऊन ते विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या दोन पडदेवाल्यांना ते कुठून परवडणार? त्यांनी काय केलं, तर मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर विकत आणला. त्यावर ते लोकांना सिनेमा दाखवू लागले. दाखवता दाखवता त्याचा अभ्यासही सुरू झाला.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही तशी सख्खी भावंडं. एक प्रकाश बाहेर फेकतो, दुसरा आत घेतो. मधली यंत्रणा मात्र एकाच विचारावर चालते. फिल्म सरळ ओढली तर पडद्यावर नुसता फराटा दिसेल. म्हणून ती झटक्याने एक फ्रेम पुढे जाते, थांबते, शटर उघडतं, प्रकाश पडतो, शटर मिटतं, परत झटका. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून! एका फेऱ्यात ८ फ्रेम, म्हणजे सेकंदाला बरोबर दोन फेरे, न थांबता, न घाईने. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला प्रत्येक फ्रेममागे दोन्ही कडांना चार-चार भोकं. त्यात दात अडकणार, ओढणार, सुटणार. आता हिशोब करा. फ्रेमची उंची जेमतेम १८ मिलिमीटर. पडदा साडेचार मीटर उंच धरला तर चित्र अडीचशे पट मोठं होतं. फिल्म थांबायच्या जागी ०.१ मिलिमीटर चुकली, तर पडद्यावर अख्खा देव अडीच सेंटिमीटर उडी मारणार. वर्कशॉपला आपला जॉब अर्ध्या मिलिमीटरने गेला तर आपण सरांना म्हणतो, चालतंय की सर. इथे चालत नव्हतं.

आनंदराव या कॅमेऱ्याच्या मागे लागले होते. आणि १९१६ साली, कॅमेरा पुरा व्हायच्या आधीच, ते वारले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. कारण आपण म्हणतो 'स्वतः शिकलेला', तेव्हा डोळ्यासमोर एकटा माणूस येतो. पण बाबूराव आजवर एकटे कधी नव्हतेच. शिकताना शेजारी आनंदराव होते, पडद्याच्या एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते. आता वय २६. हातात अर्धवट यंत्र. त्या क्षणी सगळं गुंडाळून परत पडद्यांकडे जायला कुणी नावं ठेवली नसती.

ते गेले नाहीत. त्यांच्याकडे चित्रकला शिकायला आलेला एक शिष्य होता, विष्णुपंत दामले. चित्रकलेचाच शिष्य, पण यंत्रात डोकं चालणारा. गुरुशिष्य दोघे मिळून त्या कॅमेऱ्याला भिडले. १९१८ साली कॅमेरा चालला. कोल्हापुरात, चित्रकारांनी, स्वतःच्या हाताने जुळवलेला कॅमेरा! कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला त्याचं स्मारक आहे. शेजारून रिक्षा, टू-व्हीलर जात असतात. मी तिथे दहा मिनिटं उभा होतो. पानपट्टीवाल्याला वाटलं मी पत्ता चुकलोय.

याच सुमारास 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. पैसा उभा करायला मोठी मदत झाली ती तानीबाई कागलकर या गायिकेची. त्या काळात एका गाणाऱ्या बाईने एका पडदेवाल्याच्या यंत्रावर पैसे लावावेत, याला काय म्हणायचं? बँकेने लावले नसते हे नक्की. चित्रकार फत्तेलाल, दामले असे पोटचे वाटावेत असे शिष्य बरोबर होते. पहिला चित्रपट 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात लागला. अज्ञातवासातली द्रौपदी, कीचक, भीम ही सगळी कथा प्रेक्षकांना पाठ. पण भीमाने केलेला कीचकवध पडद्यावर इतका खरा वाटला की लोक हादरले, त्या दृश्यावर आक्षेपही आला. बायकांची कामं बायकांनीच केली होती. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कसा बघायचा हे सांगायला नको, पण बाबूरावांना साडी नेसलेला पुरुष चालणार नव्हता. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा गौरव करून त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे. या माणसाने सिनेमात आल्यावर पहिल्यांदा काय काढून टाकलं असेल? पडदा! ज्या पडद्याने त्यांना नाव दिलं, आडनाव दिलं, तोच. तेव्हाचे सिनेमे बहुतेक नाटकासारखेच, मागे रंगवलेलं कापड आणि पुढे नट. बाबूरावांनी भिंती, खांब, दरवाजे, पायऱ्या खरोखरच्या बांधल्या. नट ज्यात शिरेल, वळेल, टेकून उभा राहील असा सेट. माझी मोबाईलच्या व्हिडिओत झाली तशी फजिती पडद्याची होते, हे इतरांना नसेल पण पडद्यावर सात वर्षं घालवलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळणार. मांजरपाट कुठे खोटं बोलतं ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ठाऊक असणं वेगळं आणि आपली हुकमी कला आपल्याच हाताने बाजूला ठेवणं वेगळं. मला जर कुणी सांगितलं की उद्यापासून तुझ्या अक्षराची गरज नाही, तर मी आठवडाभर जेवणार नाही.

नंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे धडाकाच. १९२१ च्या 'सुरेखाहरण'मध्ये एक पोरगा कृष्ण झाला. हा पोरगा कंपनीत पडेल ते काम करायला आला होता. त्याचं नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर शूटिंग म्हणजे सूर्याच्या मर्जीवर, ढग आला की सगळे बसून. तानाजीने गड घेतला तो रात्री, मग ऊन घेऊन करणार काय? सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढायला त्यांनी १९२१-२२ मध्येच सुरुवात केली. पोस्टर तर ते स्वतः रंगवायचे. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेमा-पोस्टरांपैकी एक मानतात. म्हणजे पडदा गेला, पण ब्रश गेला नाही. तो थिएटरच्या आतून बाहेरच्या भिंतीवर आला.

मग १९२५ साली 'सावकारी पाश'. देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे सिनेमे चालू होते तेव्हा या माणसाने नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून एका शेतकऱ्याची गोष्ट घेतली. सावकार कागदपत्रांच्या जोरावर जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. शेतकरी झाले शांताराम. चमत्कार नाही, उडणारा रथ नाही. एक झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं. आपल्यातल्या किती जणांच्या घरी सातबारा आणि कर्ज हे शब्द रोज ऐकू येतात ते मला हॉस्टेलवर राहून माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी ते पडद्यावर दाखवावंसं कुणाला तरी वाटलं, तेही तशी पद्धत नसताना.

इथेच गोष्ट संपवली असती तर लेख छान झाला असता. प्राचार्यांनीही खूश होऊन सही केली असती. पण पुढचं सांगायलाच हवं.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांना घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात फिल्म कंपनी' काढली. ज्यांना ब्रश धरायला, दांडा फिरवायला, तोंडाला रंग लावायला शिकवलं, तेच सगळे. मग १९३१ ला 'आलम आरा' आला, सिनेमा बोलू लागला. १९३२ ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि त्याचं ध्वनिमुद्रण केलं दामल्यांनी. चित्रकला शिकायला आलेला माणूस, कॅमेरा जुळवता जुळवता आवाज पकडायला शिकला! १९३६ ला दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आला, १९३७ ला त्याचा व्हेनिसमध्ये गौरव झाला.

आणि गुरू? बाबूरावांना बोलपटाची ओढ नव्हती. डोळ्याने सांगायची गोष्ट बडबडीत बुडून जाईल असं त्यांना वाटत होतं. महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१ च्या पुढेमागे बंद पडली. पुढे त्यांनी बोलपटही केले, १९३५ चा 'उषा', १९३६ ला 'सावकारी पाश' पुन्हा आवाजासह, १९३७ चा 'प्रतिभा', अगदी १९५२ च्या 'विश्वामित्र'पर्यंत. पण जत्रा आता दुसऱ्या गावात भरत होती.

यावर मी आणि वर्कशॉपचे सर भांडलो. माझं म्हणणं, ज्या माणसाने स्वतःचा पडदा टाकून दिला त्याला मूकपट टाकता आला नाही, इथे तो चुकला. सर म्हणाले, अरे, पडदा खोटा दिसत होता म्हणून त्याने टाकला. बोलपट त्याला खरा वाटला नाही म्हणून तो मागे राहिला. दोन्ही वेळा त्याने ऐकलं ते आपल्या डोळ्याचंच. एकदा डोळा जगाच्या पुढे होता, एकदा नव्हता. मला हे अजून पूर्ण पटलेलं नाही. पण उलटही सिद्ध करता येत नाही.

शेवटच्या काळात बाबूराव परत रंगांकडे आणि मातीकडे वळले. चित्रं काढली, पुतळे घडवले. हरलेला माणूस घरी परततो तसं नव्हे. मला तरी ते असं दिसतं की ज्या कामासाठी कुणाच्या भांडवलाची, कुणाच्या तारखांची गरज नाही, तिथे तो परत जाऊन बसला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात ते गेले. त्यांच्या मूकपटांतले फारच थोडे तुकडे आज शिल्लक आहेत. म्हणजे ज्या कामाने ते मोठे झाले, तेच आपल्याला नीट बघता येत नाही. कोल्हापूरकर त्यांना 'कलामहर्षी' म्हणतात.

मित्रांनो, हे वाचून कुणी कॉलेज सोडून ब्रश घेऊन पळून जाऊ नये! मला हेसुद्धा म्हणायचं नाही की केटी लागलेला प्रत्येक जण आतून बाबूराव असतो. तसं असतं तर आमच्या विंगमध्ये सात कलामहर्षी निघाले असते. मला एवढंच दिसलं की आपण रोज रात्री बारा वाजता गॅलरीत बसून आपलं फील्ड कुठलं यावर चर्चा करतो, आणि या माणसाने तो प्रश्न स्वतःला विचारल्याचं कुठे दिसतच नाही. पडद्याला काय हवं ते शिकला. कॅमेऱ्याला दात हवेत तर दात घासायला शिकला. रात्र हवी तर दिवे लावायला शिकला. रस्ता वळणावळणाचा होता हे आपल्याला आता, मागे बघून कळतं. त्याला दर वेळी फक्त समोरचं अडलेलं काम दिसत असणार.

असो. यंदाच्या गॅदरिंगला परत किल्ला आहे. पण पडदा नाही. प्लायवूड आणि भंगारातल्या अँगलचा, आत शिरता येईल असा दरवाजा करायचा ठरलंय. वर्कशॉपच्या सरांनी एकच अट घातली, स्केलमध्ये ड्रॉइंग आणल्याशिवाय एक तुकडाही कापायचा नाही. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू, साइड व्ह्यू, सगळं. म्हणजे जिथे मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या तेच. गेले तीन दिवस रात्री मेस बंद झाल्यावर तिथल्या मोठ्या टेबलावर शीट पसरून बसतोय. पहिली शीट सरांनी लाल पेनने भरून परत दिली. दुसरीत टॉप व्ह्यू बरोबर आला आहे, साइड व्ह्यू अजून चुकतोय.

कालच घरून फोन आला होता. मी उचलला. वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, सध्या एक दरवाजा करतोय. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लाकडाचा का लोखंडाचा?